बेरजेत न बसलेला आकडा



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते शिक्षक होते. मीही शिक्षकच. त्यामुळे इथे उभं राहिलं की वर्गात उशिरा आल्यासारखं वाटतं. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, एका आमदारावर बोलतो. पलीकडून क्षणभर आवाजच आला नाही. मग हळूच विचारणा झाली, "सर, हयात की दिवंगत?" मी म्हटलं, दिवंगत. त्यांनी सोडलेला सुस्कारा मला फोनवरही ऐकू आला.

तर विषय आहे भाई गणपतराव देशमुख. सांगोल्याचे आबासाहेब. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात ते गेले. त्यांच्या साधेपणाविषयी तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. एसटीतून फिरणारा आमदार, पक्ष न बदललेला आमदार, अकरा वेळा निवडून आलेला आमदार. ही तीन वाक्यं आता इतकी गुळगुळीत झाली आहेत की ती ऐकून माणूस मान डोलावतो आणि पुढे विचार करायचं थांबतो. मला आज विचार करायचा आहे. आरती करायची नाही.

आधी हिशेब मांडू. गणिताच्या मास्तरला दुसरं काय सुचणार?

१९६२ साली ते सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. १९६७ ला पुन्हा. १९७२ ला पडले. १९७४ ला पोटनिवडणूक लागली, त्यात परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पडले. १९९९, २००४, २००९, २०१४. एकूण तेरा लढती, अकरा जिंकल्या, दोन हरल्या. मतदारसंघ एक, पक्ष एक. पहिल्यांदा ते सभागृहात गेले तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शेवटच्या खेपेला देवेंद्र फडणवीस.

याला विक्रम म्हणतात. म्हणू दे. पण जाता जाता सांगतो, केरळात पाला नावाच्या मतदारसंघाने के. एम. माणी यांना १९६५ पासून २०१९ मध्ये ते जाईपर्यंत सोडलं नाही, आणि पुथुपल्लीने ऊमेन चांडींना १९७० पासून अखेरपर्यंत. तेव्हा आकड्यांच्या शर्यतीत आबासाहेबांना उभं करू नका, तिथे त्यांच्यापुढे माणसं आहेत. त्यांचं वेगळेपण दुसरीकडे आहे. माणी आणि चांडी यांच्या पक्षांना सत्ता आलटून पालटून मिळत राहिली. गणपतरावांचा पक्ष मात्र हळूहळू विरत गेला, कापड धुऊन धुऊन विरतं तसा. पक्ष विरतोय आणि माणूस निवडून येतोय, हे कसं काय? मला पडलेलं कोडं हे आहे.

पहिला मुद्दा मग पक्षाचाच घेतो.

शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. इथल्या तरुणांना हे नाव वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दिसत असेल. स्वातंत्र्याच्या आगेमागे काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या माणसांचा हा पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव. त्यांना वाटलं, राज्य शेतकऱ्याचं येणार होतं आणि आलं भलत्यांचंच. पक्षाचा १९५० चा दाभाडी प्रबंध मार्क्सवादाची भाषा बोलत होता आणि ऐकणारा होता ज्वारी-बाजरीचा शेतकरी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा पक्ष आघाडीवर राहिला. मग महाराष्ट्र झाला, आणि यशवंतरावांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं.

बेरजेचं राजकारण! काय सुंदर शब्द आहे पाहा. वजाबाकीत माणूस दुखावतो, भागाकारात भांडणं होतात, बेरजेत कुणालाच वाईट वाटत नाही. जेधे तर महाराष्ट्र होण्याआधीच गेले होते; मोरे गेले, तुळशीदास जाधव गेले, पुढे यशवंतराव मोहिते गेले. एकेक मातब्बर माणूस काँग्रेसच्या रकान्यात जमा होत गेला. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याच्या हाती साखर कारखान्याचा परवाना, जिल्हा बँकेचं कर्ज आणि धरणाची जागा, त्याच्या बाजूला जाऊन आपल्या भागाचं भलं करून घ्यावं, असं वाटणं हा गुन्हा नव्हे.

पण १९६२ साली, काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या त्या वर्षी, शेकापचे जे पंधरा आमदार विधानसभेत पोचले त्यांत मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा एक तरुण वकील होता. तो बेरजेत बसला नाही. तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही.

आता पक्षाचे आकडे ऐका. १९६२ ला पंधरा. १९६७ ला एकोणीस. १९७२ ला सात. १९७८ ला तेरा, आणीबाणीनंतरची हवा होती. १९९० ला आठ, १९९९ ला पाच, २००४ ला दोन. दोन! २८८ जणांच्या सभागृहात दोन माणसं बसली की त्यांना दिसतं काय? समोर पाठीच पाठी.

तुम्ही विचाराल, विरोधी बाकावरच्या माणसाला दुष्काळी तालुक्याने पुन्हा पुन्हा का निवडून द्यावं? शहाणपण तर हेच सांगतं की सरकारच्या बाजूचा आमदार द्या, म्हणजे रस्ता होईल, टँकर येईल. सांगोल्याला हे शहाणपण नव्हतं का? होतं. सांगोल्याच्या माणसाला गुरांच्या बाजारात कधी उभं राहून पाहिलंय का? खिलार खोंडाचा दात बघून, खुरं बघून, मालकाला चार पावलं चालायला लावून, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारी ही माणसं. ती भोळी नव्हेत.

त्यांनी एक गोष्ट ताडली होती, असा माझा तर्क आहे. सरकार पक्षाच्या आमदाराला गप्प बसायचे पैसे मिळतात... नाही, हे वाक्य छापताना नीट करा. सरकार पक्षाच्या आमदाराला गप्प बसावं लागतं. विरोधी आमदाराला ती अडचण नसते. आणि विधिमंडळात बोलण्याची हत्यारं भरपूर आहेत, फक्त ती परजायला वेळ लागतो. तारांकित प्रश्न आहे, त्याला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न येतात. लक्षवेधी सूचना आहे. अर्धा तास चर्चा आहे. अर्थसंकल्पातल्या मागणीवर कपात सूचना आहे, ती मंजूर होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिच्या निमित्ताने खात्याला आकडे जुळवावे लागतात. प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला फोन, जिल्ह्यातून तहसीलला फोन, तहसीलमधून तलाठ्याला. कित्येकदा उत्तर सभागृहात यायच्या आत काम होऊन जातं, कारण "काम झालं आहे" असं लिहून द्यायची सोय व्हावी लागते! गंमत सोडा, पण राज्य असंही चालतं. ज्याला नियमांचं पुस्तक पाठ आहे आणि दर अधिवेशनाला नागपूर असो वा मुंबई पहिल्या घंटेला जागेवर बसायची सवय आहे, त्याच्या एकट्याच्या प्रश्नाला पन्नास गप्प आमदारांपेक्षा जास्त वजन येतं. आणि वकिलाला पुस्तक पाठ करणं जड नाही.

शेकापने या राज्याला विरोधी पक्षनेत्यांची मालिकाच दिली. कृष्णराव धुळप, दिनकर पाटील, १९७७-७८ मध्ये स्वतः गणपतराव, पुढे अलिबागचे दत्ता पाटील. हे पद म्हणजे सभागृहातला दुसरा आवाज. सत्तेच्या बेरजेत नसलेल्या माणसांनी तो टिकवला.

सत्ता त्यांना अजिबात शिवली नाही असं मात्र नाही. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे पुलोदच्या, सरकारात ते मंत्री होते आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. पहिलं सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. दुसऱ्यातून २००२ च्या जूनमध्ये पक्षच बाहेर पडला, आणि त्याला कारण झालं रायगड जिल्ह्यातलं भांडण. सांगोल्याच्या मंत्र्याचं खातं अलिबागच्या राजकारणात गेलं. छोट्या पक्षात राहण्याची ही किंमत असते. तिच्याबद्दल कुणी फलक लावत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि माझं खरं मन या मुद्द्यात आहे. विजय सोडा. पराभवांकडे या.

दोन पराभव. १९७२ आणि १९९५.

१९७२ चा मार्च. बांगलादेशचं युद्ध जिंकून इंदिराबाईंची लाट उसळलेली. शेकाप एकोणीसवरून सातवर आला. सांगोल्यातही लाट पोचली आणि आमदार घरी बसला. त्यानंतर काय झालं? पाऊस गेला. ७२ चा दुष्काळ. इथे पांढऱ्या केसांची मंडळी आहेत, त्यांना सांगायला नको. मी शाळकरी पोर होतो. खडी फोडायला गेलेली आमच्या गल्लीतली बायामाणसं संध्याकाळी यायची तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. कामावर मिळालेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायच्या, आणि आम्ही पोरं ती गाठ सुटायची वाट बघत उंबऱ्यावर बसायचो. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. सुकडी उतरायची.

त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना, मागेल त्याला काम. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाचा रोजगार हमी कायदा यायला त्यानंतर पंचवीसहून जास्त वर्षं लागली. पण योजना जन्माला येत होती त्या पहिल्या दोन वर्षांत, राज्यातल्या पक्क्या दुष्काळी तालुक्याचा हा प्रतिनिधी सभागृहाच्या बाहेर होता. १९७४ च्या पोटनिवडणुकीत तालुक्याने त्याला परत बोलावलं. दुष्काळाचं तोंड बघितलेल्या तालुक्याने.

दुसरा पराभव तर विलक्षण आहे. १९९५. राज्यभर काँग्रेस कोसळली. शिवसेनेला ७३, भाजपला ६५, काँग्रेसला ८०, आणि अपक्ष किती? पंचेचाळीस! लोकांनी मिळेल त्या दगडाने काँग्रेसला मारलं. त्या वर्षी सांगोल्यात कोण जिंकलं? काँग्रेस. शहाजीबापू पाटील. आयुष्यभर काँग्रेसशी लढलेला माणूस, काँग्रेस हरली त्या वर्षी काँग्रेसकडून हरला. आणि किती मतांनी? १९२.

एकशे ब्याण्णव! हा आकडा मला सोडत नाही. त्याचं कारण सांगतो.

त्याच निवडणुकीत मी मतमोजणीच्या कामावर होतो. सांगोल्याला नव्हे, दुसऱ्या एका तालुक्याला. तेव्हा मशिनं नव्हती, कागद होता. एका गोदामात लाकडी टेबलं, प्रत्येक टेबलाभोवती जाळी, जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी माना उंचावून उभे. पेट्या उघडायच्या, मतपत्रिका एकमेकांत मिसळायच्या, मग एकेक घडी उलगडायची. मतदाराने शिक्का मारून कागद घाईने दुमडला तर ओली शाई दुसऱ्या बाजूला उमटते. म्हणजे एका कागदावर दोन ठसे. मत कुणाचं? म्हणून तर त्या फुलीच्या शिक्क्याची टोकं एकाच दिशेने वळलेली असतात. खरा ठसा सरळ पडतो, दुमडीतला ठसा आरशातल्यासारखा उलटा. कुणा हुशार माणसाने हे शोधलं असेल त्याला माझा नमस्कार. पण रात्री दोन वाजता, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी झाली असताना, सरळ कुठला आणि उलटा कुठला? कुणी शिक्का दोन चिन्हांच्या बरोबर मधल्या रेषेवर मारलेला. कुणी शिक्का न मारता अंगठाच उठवलेला, किती श्रद्धेने उठवलेला असेल! बाद. अशी बाद मतं त्या काळी एकेका मतदारसंघात शेकड्यांनी निघायची, कुठे हजारांनीही. ती बांधून कोपऱ्यात ठेवलेली असायची आणि सगळ्या प्रतिनिधींची नजर फिरून फिरून त्या कोपऱ्यात जायची.

अशा कागदांच्या ढिगाऱ्यात १९२. जरा हिशेब करू. इकडची सत्त्याण्णव माणसं तिकडे गेली असती तर निकाल उलटला असता. सत्त्याण्णव माणसं म्हणजे किती? दोन एसटी गाड्या. बसायला जागा मिळून वर चारदोन उभी. तालुक्याच्या ठिकाणाहून संध्याकाळी सुटणाऱ्या मुक्कामाच्या दोन गाड्या. ज्या माणसाची ओळखच एसटीचा आमदार अशी झाली, तो दोन एसट्यांच्या फरकाने पडला.

आणि इथे मला एक जुना युक्तिवाद निकालात काढायचा आहे. लोक म्हणतात, त्यात काय एवढं, ते धनगर समाजाचे, तालुक्यात धनगर समाज मोठा, मतं पक्की. समाज मोठा आहे हे खरं आणि त्याचा आधार त्यांना होता हेही खरं, ते लपवायचं कशाला? पण मला सांगा, १९७२ ला तो समाज कमी झाला होता का? १९९५ ला तो गाव सोडून गेला होता का? गणित तेच होतं आणि उत्तर दोनदा वेगळं आलं. जातीचं गणित एवढं पक्कं असतं तर तेराच्या तेरा लढती जिंकल्या असत्या. ते दोन पराभवच सांगतात की दर वेळी लोकांनी पुन्हा नव्याने ठरवलं. अकरा विजयांना अर्थ येतो तो त्या दोन पराभवांमुळे.

पडल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याची पारख होते असं म्हणतात. ते काय करत होते? पाणी मागत होते. म्हणजे तिसरा मुद्दा आलाच.

माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्याची माणसं साहित्यात आणली तो हा टापू. आटपाडी, सांगोला, माण, जत. माण नदी नकाशावर निळी असते. प्रत्यक्षात वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रातून बैलगाडी जाते. आणि गंमत अशी की पश्चिमेला, दिवसभराच्या प्रवासाच्या आत, कृष्णा दुथडी वाहते. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं. ते अडवून वापरायला हवं होतं, कारण मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. वापरलं नाही तर हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद बोलावली. तेरा दुष्काळी तालुके. गणपतराव त्यांच्याबरोबर पहिल्यापासून. त्यानंतर वर्षामागून वर्षं या परिषदा भरत राहिल्या. मी एकदा गेलो होतो. मांडवाखाली पटके, टोप्या, डोईवर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या. पाण्याची सभा, आणि प्यायचं पाणी टँकरचं. भाषणांत टाळ्यांची वाक्यं कमी आणि आकडे जास्त. किती टीएमसी, कितवा टप्पा, किती अश्वशक्ती. माझ्या शेजारी बसलेला गृहस्थ दहावीसुद्धा नसावा, पण टीएमसी म्हणजे काय ते त्याने मला विहिरींच्या हिशेबात समजावून सांगितलं. गणिताच्या मास्तरला!

१९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना वेग आला. आणि पुन्हा तोच योग पाहा. १९९५ ते ९९, गणपतराव सभागृहात नव्हते. तालुक्याच्या नशिबातली दोन मोठी वळणं, रोजगार हमी आणि कृष्णेचं पाणी, दोन्ही वळणांवर गाडी आली तेव्हा हा माणूस गाडीत नव्हता. रस्त्यावर उभा राहून हात करत होता. मला तर वाटतं, आमदारकीचा हिशेब फक्त सभागृहातल्या वर्षांत मांडायचा नसतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पाणी आलं का? आलं, टप्प्याटप्प्याने, फार उशिरा, आणि सगळीकडे नाही. कऱ्हाडजवळ टेंभूला उचललेलं पाणी टप्प्यामागून टप्पे चढत येतं, त्याला वीज लागते आणि त्या विजेचं बिल कुणी भरायचं यावर पुन्हा आंदोलनं होतात. दुसरीकडून नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाकडचं पाणी. शेपूट म्हणजे काय ते शेपटाला राहणाऱ्यालाच कळतं. वरच्यांचं भागल्यावर जे उरेल ते. तेव्हा पन्नास वर्षं एकच आमदार असून पाण्याला एवढा उशीर का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो अवाजवी नाही. बेरजेत बसलेल्या शेजारच्या तालुक्यांत कालवे आणि कारखाने आधी पोचले. ही वस्तुस्थिती आहे. विरोधात राहण्याचं मोल त्यांनी एकट्याने मोजलं नाही, तालुक्यानेही मोजलं. मोजलं आणि तरी पुन्हा निवडून दिलं.

पाण्याची वाट बघत तालुका बसून राहिला नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या पुढाकाराने सहकारी सूतगिरणी उभी राहिली, पुढे महिलांची वेगळी सूतगिरणी झाली. आणि डाळिंब! सांगोल्याच्या माणसाने डाळिंब हेरलं, कारण या झाडाला पाण्यापेक्षा पाण्याचा ताण कळतो. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं. झाड तहानलं पाहिजे, पान गळलं पाहिजे, मग छाटणी, मग खत, मग पहिलं पाणी, आणि मग फूल. दुष्काळालाच पिकाच्या वेळापत्रकात बसवून टाकलं या लोकांनी. तेल्या रोगाने बागा गेल्या, पुन्हा लावल्या. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्यातून, बंगालमधल्या शालिमारला. ७२ साली ज्या तालुक्यात परदेशचा मिलो आला, तिथून फळांच्या पेट्या भरून गाडी गेली. याचं श्रेय आमदाराला द्यायचं का? नको. ते त्या शेतकऱ्याचं आहे.

आता शेवटाकडे येतो, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेलं मी पाहिलं.

२०१४. मोदींची लाट, चारी मोठे पक्ष वेगवेगळे लढले, वयाची पंच्याऐंशी ओलांडलेला हा माणूस पंचवीस हजारांच्या घरात मताधिक्य घेऊन जिंकला. समोर पुन्हा शहाजीबापूच, या वेळी शिवसेनेकडून. २०१९ मध्ये वय झालं म्हणून ते थांबले आणि नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. इथे मला खटकतं, ते बोलून टाकतो. आयुष्यभर कार्यकर्त्यांचा पक्ष म्हणायचं आणि वारस घरातला निघायचा? तालुक्यात पन्नास वर्षं लाल बावटा खांद्यावर घेतलेली माणसं होती. कदाचित त्यांनीच आग्रह धरला असेल, असाच आग्रह सगळीकडे धरला जातो. पण बेरजेपासून दूर राहिलेला माणूस या एका बाबतीत बाकीच्यांसारखाच वागला, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

निकाल काय? शहाजीबापू जिंकले. किती मतांनी? ७६८. पुन्हा तीन आकडी! या वेळी कागद नव्हता, मशिन होतं, बाद मतांचा कोपरा नव्हता. आठ एसट्या भरल्या असत्या. पुढे २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीहून "काय झाडी, काय डोंगार" म्हणणारा फोनवरचा आवाज अख्ख्या महाराष्ट्राने ऐकला, तो याच सांगोल्याच्या आमदाराचा. तुम्ही हसलात, मीही हसलो होतो. माणदेशी बोली आहे ती, झकास आहे. पण एकाच खुर्चीवर एकामागून एक बसलेली ही दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक जण पक्ष विरत गेला तरी हलला नाही. दुसरा काँग्रेस, शिवसेना आणि मग शिवसेनेतला शिंदे गट असा फिरला. आणि तालुक्याने दोघांनाही निवडून दिलं! खोंडाचा भाव रुमालाखाली ठरतो, बाहेरच्याला बोटं दिसत नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात आबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एका व्यासपीठावर. त्या दिवसांत राज्याचं राजकारण काय ढवळून निघालं होतं ते आठवा. चॅनेलवाल्यांना पुतळ्यात रस नव्हता. कोण कुणाकडे बघून हसलं, यात होता. बेरीज करणाऱ्या दोन मोठ्या माणसांच्या मधोमध बेरजेत न बसलेला माणूस उभा, तोही दगडधातूचा, काही न बोलणारा.

आणि २०२४. दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडून उभे राहिले आणि पुन्हा पंचवीस हजारांच्या घरातल्या फरकाने जिंकले, जवळपास आजोबांच्या शेवटच्या लढतीएवढ्याच. १९६२ ला शेकापचे आमदार पंधरा. आजच्या विधानसभेत एक. तो एक सांगोल्याचा.

हे मत पक्षाला मिळालं, आजोबांच्या फोटोला मिळालं, की बापूंवरच्या रागाला? तालुक्यातल्या माणसांना मी विचारून पाहिलंय. चहा पाजतात, डाळिंब फोडून देतात आणि विषय बदलतात. तेव्हा तब्येतीने साथ दिली तर पुढच्या मतमोजणीला मी सांगोल्यात असेन. पंढरपूरहून सकाळची एसटी आहे. कुणाला यायचं असेल तर स्टँडवर भेटू.